घरी वाळवलेल्या पानांचा चहा गवतासारखा लागतो : चूक वाळवण्यात की करण्यात?

ओंजळ

नमस्कार मंडळी. कुंड्यांत पुदिना, तुळस आणि गवती चहा भरपूर आहे. ती पानं वाळवून रोज दोन कप पानांचा चहा घ्यायचा बेत आहे. जेवणानंतर पोट हलकं राहावं आणि रात्री दूध-साखरेच्या चहाऐवजी काहीतरी गरम मिळावं, एवढीच अपेक्षा आहे. कुठला आजार बरा करायचा नाहीये.

सध्याची पद्धत अशी: पानं खुडून, पाण्यात भिजवून धुवायची आणि गच्चीत उन्हात दोन दिवस पसरायची. पुदिना काळपट पडतो, तुळस तर काळीच होते. बरणीत भरल्यावर पंधरा दिवसांत कुबट वास येतो. चहासाठी चमचाभर पानं दोन कप पाण्यात पाच मिनिटं उकळायची. चव गवत भिजवल्यासारखी, आणि मागाहून कडवट.

वाळवताना नेमकं काय चुकतंय? पान किती, पाणी किती, वेळ किती? आणि घरात बीपी, थायरॉइड, साखर अशा गोळ्या चालू असलेली माणसं आहेत, त्यांनी हे रोज घेतलं तर चालेल का?

---

पर्णिका

वाळवण्यापुरतं मी सांगते, चहा करण्याबद्दल इतर सांगतीलच.

पुदिन्याचं पान उलटं करून भिंगाखाली धरा. हिरव्या पृष्ठभागावर बारीक, पिवळसर, चकचकीत ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. पुदिन्याचा आणि तुळशीचा सगळा वास त्यांत असतो, आणि त्या पानाच्या पोटात नसून अगदी वरवर बसलेल्या असतात. पान चोळलं, दाबलं, ढिगात कोंबलं की ग्रंथी फुटतात आणि तेल हवेत जातं. उन्हात तर ते आणखी वेगाने उडतं, वर हिरवा रंगही विटतो. म्हणजे तुमच्या बरणीत पोचतो तो पानाचा सांगाडा. त्याचा चहा गवतासारखाच लागणार.

काळं पडण्याचं कारण वेगळं. पेशी फुटल्या की आतली विकरं (एन्झाइम), पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं आणि हवा एकत्र येतात आणि पान काळवंडतं. कापून ठेवलेलं सफरचंद काळं पडतं ना, तीच क्रिया. ओलं पान जितका जास्त वेळ ओलं राहील तितका या क्रियेला वाव. तुळस यात सर्वांत नाजूक. खुडलेली तुळस फ्रिजमध्येही ठेवू नका, थंडीनेच काळी पडते.

म्हणून धुणं आदल्या दिवशी उरका. संध्याकाळी झाडावरच झारीने किंवा फवाऱ्याने पानं दोन्ही बाजूंनी धुवून काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी दव सुकल्यावर आणि ऊन तापायच्या आत फांद्या कापा. मग पानं पाण्यात बुडवायची गरजच उरत नाही. माती राहिलीच असेल तर पटकन एका पाण्यातून काढा, झटका आणि सुती फडक्यावर टिपून घ्या. फुलोरा येण्याच्या जरा आधी, कळ्या दिसायला लागतात तेव्हा, कापलेल्या पुदिन्याला वास भरपूर असतो. जून, पिवळी, भोकं पडलेली पानं तेव्हाच बाजूला करा.

यापुढे सावली, वारा आणि एकच थर. पुदिना-तुळशीच्या फांद्या सात-आठची जुडी बांधून उलट्या टांगता येतात, पण जुडी जाड झाली की मधली पानं कुजतात. त्यापेक्षा जाळीवर किंवा चाळणीवर पसरलेली बरी, म्हणजे खालूनही हवा लागते. पंखा थेट पानांवर न सोडता खोलीत हवा खेळती राहील असा लावा. कोरड्या हवेत चार-पाच दिवसांत काम होतं. आठवडा उलटूनही पान मऊच असेल तर हवेत दमटपणा फार आहे, अशा दिवसांत सावलीचा हट्ट सोडा. डीहायड्रेटर असेल तर ३५ ते ४० अंशांवर लावा. ओव्हनमध्ये एवढं कमी तापमान मिळत असेल तरच, आणि दार जरा उघडं ठेवून. ४५ च्या वर गेलात की घरभर छान वास सुटतो. तो वास कपात यायचा होता हे लक्षात ठेवा.

गवती चहाचं गणित उलटं आहे. त्याचं तेल पानाच्या आतल्या पेशींत असतं आणि पान चिवट. अख्खं पात वाळवलं तर वास आतच अडकून राहतो आणि वाळायलाही वेळ लागतो. म्हणून कापल्यावर एखादा दिवस सावलीत मलूल होऊ द्या, मग कात्रीने आडवे, सेंटिमीटरभराचे तुकडे करून वाळवा. पातीच्या कडा धारदार असतात, बोटं जपा.

वाळलं की नाही हे रंगावरून ओळखू नका. मधली शीर सगळ्यांत शेवटी वाळते. पान मुठीत धरलं तर चुरलं पाहिजे, देठ वाकवला तर वाकायच्या आधी कट् करून तुटला पाहिजे. पान कुरकुरीत आणि देठ लवचीक, ही अवस्था सर्वांत फसवी. देठातलं पाणी बरणीत गेल्यावर पुन्हा पानांत उतरतं. तुमचा कुबट वास बहुतेक तिथूनच आलाय. खात्रीसाठी पानं काचेच्या बरणीत अर्धी भरा, झाकण घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काचेवर आतून धुकं दिसलं किंवा पानं मऊ लागली तर परत बाहेर काढून वाळवा. पहिला आठवडाभर रोज एकदा बरणी हलवून बघा, पानं एकमेकांना चिकटत असतील तर अजून ओल आहे.

आता जी कुबट बरणी आहे ती फेकून द्या, सगळी. वरची पानं काढून खालची वापरणं किंवा पुन्हा ऊन दाखवणं नको. काही बुरशी जी विषं तयार करतात ती उकळूनही जात नाहीत.

---

मंदआच

पर्णिका यांनी सांगितलेली तेलाची गोष्ट कपापर्यंत तशीच लागू आहे. पाच मिनिटं उघड्या पातेल्यात उकळता तेव्हा वाफेबरोबर तेल जातं आणि मागे राहतात टॅनिन, म्हणजे पानातली तुरट द्रव्यं. तोच तुमचा कडवटपणा.

आयुर्वेदात वस्तू पाण्यात उतरवण्याच्या कृतींना वेगळी नावं आहेत आणि तो फरक उपयोगी आहे. वस्तू पाण्यात उकळून आटवली तर क्वाथ, म्हणजे काढा. गरम पाणी वर ओतून झाकून ठेवलं आणि गाळलं तर फांट. थंड पाण्यात रात्रभर भिजवलं तर हिम. मुळं, सालं, कठीण फळं यांना काढा लागतो. सुवासिक मऊ पानांना फांट. तुम्ही फांटाच्या वस्तूचा काढा करताय.

प्रमाण: २०० मिलि पाण्याला २ ग्रॅम वाळलेली पानं. ताजी असतील तर ६ ते ८ ग्रॅम, कारण त्यांत बहुतेक पाणीच असतं. चमच्यावर विसंबू नका. अख्खी पानं चमचाभर घेतली तर अर्धा ग्रॅमही भरत नाहीत, चुरा घेतला तर त्याच्या कितीतरी पट. तुम्ही चमचाभर पानांत दोन कप करताय, म्हणजे पान फारच कमी आणि वेळ जास्त. घरातला काटा १ ग्रॅमपेक्षा बारीक मोजत नसेल तर २० ग्रॅम एकदम तोला आणि त्याचे दहा सारखे ढीग करा. एक ढीग दिसतो केवढा हे एकदा डोळ्यांत बसलं की रोज तोलायला नको.

कृती: कप किंवा किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर थंड भांडंच पाण्याची बरीच उष्णता खातं. पानं बरणीत अख्खी असतील तर कपात टाकतानाच हाताने चुरा, आधी नाही. पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद, आणि लगेच पानांवर ओता. ताबडतोब झाकण. पुदिना ५ ते ७ मिनिटं, तुळस ५ ते ८. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब कपातच निथळू द्या, वास त्यांतही असतो. गाळताना पानं चमच्याने दाबून पिळू नका, बारीक गाळ आणि तुरटपणा उतरतो. चव फिकी वाटली तर पुढच्या वेळी पान वाढवा. वेळ वाढवाल तर वास वाढत नाही, तुरटपणा वाढतो.

दुसरं म्हणजे पुदिना कोणता आहे ते बघा. घरोघरी लावतात तो बहुधा स्पिअरमिंट, त्याच्या वासाचा मुख्य घटक कार्व्होन. जिभेला गार लागणारं मेंथॉल त्यात अगदी थोडं. पेपरमिंटमध्ये ते भरपूर असतं. कितीही चांगला वाळवला तरी घरचा पुदिना पेपरमिंटसारखा गार लागणार नाही, हा तुमचा दोष समजू नका.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं घ्या. लिंबू किंवा जास्वंदीची फुलं घालणार असाल तर ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं तांबं-पितळ नकोच.

---

दवबिंदू

मंदआच यांच्याशी बाकी सगळं मान्य, पण गवती चहाला नुसतं वरून पाणी ओतलं तर तो निम्माच उतरतो. पात चिवट आहे. मंद आचेवर, झाकण ठेवून, ३-४ मिनिटं शिजू द्या आणि गॅस बंद करून आणखी ५ मिनिटं ठेवा. झाकण असलं की सुवास फारसा जात नाही. ताजी पात असेल तर आधी सुरीच्या पाठीने चेचा.

तीन पानं एकत्र करायची असतील तर क्रम ठेवा. आधी गवती चहा झाकून शिजवा, गॅस बंद झाल्यावर त्याच पाण्यात तुळस-पुदिना टाका. आल्याचं तसंच: किसलेलं आलं आधी ५-७ मिनिटं उकळू द्या, पानं शेवटी. सगळं एकदम टाकून उकळलं की आलं नीट उतरतं आणि पुदिना मरतो.

कोरडं मिश्रण करून ठेवायला तुळस ३ भाग, गवती चहा २ भाग, पुदिना १ भाग हे वजनाने घेतलेलं प्रमाण छान बसतं. पुदिना वाढवलात तर तो बाकीच्यांना झाकून टाकतो. तुकडे साधारण एका मापाचे करा. एक वस्तू भुकटी आणि दुसरी लांब पाती असेल तर भुकटी बरणीच्या तळाशी जाते आणि पहिला कप एका चवीचा, शेवटचा दुसऱ्याच चवीचा होतो. असं मिश्रण गवती चहामुळे ८-९ मिनिटं झाकून ठेवावं लागतं, थोडा तुरटपणा येतो तो चालवून घ्या.

---

ओंजळ

फार स्पष्ट सांगितलंत, धन्यवाद. भिंगाने पुदिन्याचे ठिपके आत्ताच बघितले! शेवगा आणि पेरूची पानंही मिळतात, तीही अशीच वाळवायची का? आणि गोळ्यांचा प्रश्न राहिला.

---

निगुती

आधी गोळ्या, कारण तो भाग घाईत वाचायचा नाही.

थायरॉइडची (लेव्होथायरॉक्सिन) गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबरच घ्यायची असते. पानांचा चहा त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासाभराने. लोह कमी असेल किंवा लोहाची गोळी चालू असेल तर जेवणाबरोबर हा चहा घेऊ नका. पानांतली पॉलिफेनॉल अन्नातलं लोह बांधून ठेवतात आणि ते शरीरात कमी शोषलं जातं. हे फक्त काळ्या चहाचं नाही, पुदिन्याच्या चहाचंही आहे. जेवण आणि चहा यांत तासभराचं अंतर ठेवलं तरी बराच फरक पडतो. ओंजळ, तुमचा जेवणानंतरचा कप त्या हिशेबाने जरा पुढे ढकला.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर तुळस, शेवगा, पेरू यांनी साखर थोडी खाली येऊ शकते. एखादा हलका कप वेगळा आणि रोज नेमाने घेणं वेगळं. रोज घेणार असाल तर डॉक्टरांना सांगून सुरू करा आणि पहिल्या काही दिवसांत साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तुळशीचा रोजचा चहा विचारल्याशिवाय नको. बीपीच्या गोळीवर असलेल्यांनी जास्वंदीच्या फुलांचा चहा आपल्या मनाने रोज सुरू करू नये, त्यानेही बीपी उतरू शकतं. पुदिना-गवती चहाचा एखाद-दुसरा कप सहसा अडचणीचा नसतो, तरी नेहमीच्या तपासणीला गेलात की डॉक्टरांच्या कानावर घाला. शस्त्रक्रिया ठरली असेल तर सगळे वनस्पतींचे चहा दोनेक आठवडे आधी बंद करावेत आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसं सांगावं.

गरोदरपणात तुळशीचा रोजचा चहा टाळा आणि अडुळसा पूर्ण वर्ज्य, त्याने गर्भाशयाचं आकुंचन होऊ शकतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठलाही चहा नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. अगदी लहान मुलांना पेपरमिंटही नको, मेंथॉलने त्यांचा श्वास अडखळू शकतो.

छातीत जळजळ होणाऱ्यांना पुदिना "पोटाला चांगला" म्हणून दिला जातो आणि त्यांची जळजळ वाढते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप त्याने सैल पडते, मग आम्ल वर येतं. तुमचं पोट हलकं राहण्याऐवजी छाती जळत असेल तर पुदिना काढून नुसता गवती चहा घ्या.

रोज दोन कप पुरे. एकच पान महिनोन्महिने घेण्यापेक्षा अधूनमधून बदला. पुरळ, ओठांना खाज, घशात आवळल्यासारखं काही वाटलं तर तिथेच थांबा. श्वासाला त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा.

आणि पान ओळखल्याशिवाय कपात नको. कुंडीत आपण लावलेलं झाड असेल तर प्रश्न नाही, रानातून आणलेल्या पानाबद्दल सांगते. "चौकोनी खोड आणि सुवास असला की पुदिन्याच्या कुळातलं" हा आडाखा धोक्याचा आहे. घाणेरीचं कोवळं खोडही चौकोनी, पानं समोरासमोर, कडा दातेरी आणि चुरल्यावर उग्र वास, पण ती विषारी. डिजिटॅलिस या विषारी झाडाची पानं कॉम्फ्रे ही दुसरी वनस्पती समजून त्यांचा चहा प्यायल्याने माणसं दगावली आहेत, कारण त्यातली द्रव्यं थेट हृदयावर काम करतात. खुद्द कॉम्फ्रेही पोटात घेण्यासारखं नाही, यकृताला अपाय करतं. फुलोरा बघूनच खात्री करा. ज्या झाडावर कीटकनाशक मारलंय त्याची पानं नकोत, रस्त्याकडेची तर नाहीच नाही.

---

पर्णिका

शेवग्याची पानं वाळवणं सर्वांत सोपं. अख्खी संयुक्त पानं टांगा, वाळली की हलक्या हाताने झटकली तरी बारीक पानं आपोआप गळतात, देठ हातात राहतो. पण शेवग्याच्या चहाकडून पोषणाची अपेक्षा ठेवू नका. त्याची प्रथिनं आणि बरंचसं लोह-कॅल्शियम पानातच राहतं, बीटा-कॅरोटीन पाण्यात विरघळतच नाही, क जीवनसत्त्व वाळवतानाच बरंचसं जातं. पोषण हवं तर ती पानं शिजवून खावीत. चहा हा चहा म्हणून प्यावा.

पेरूच्या पानांत टॅनिन भरपूर आणि पान जाड, त्यामुळे इथे खरोखर उकळावं लागतं: ३०० मिलि पाण्यात ३-४ मध्यम पानं, फाडून, ८-१० मिनिटं. तुरट लागतो. पोट बिघडलं असताना लोक घेतात ते या तुरटपणासाठीच. बद्धकोष्ठाची तक्रार असलेल्यांनी रोज घेऊ नये.

साठवणीचं राहिलं होतं. काचेची बरणी, घट्ट झाकण, अंधारं कपाट, गॅसपासून लांब. प्लॅस्टिकचा डबा पानांचा वास शोषून घेतो आणि आपला जुना वास पानांना देतो. पानं शक्य तितकी अख्खी ठेवा. बरणीवर पानाचं नाव आणि तारीख लिहा, वाळलेली तुळस आणि वाळलेला पुदिना दिसायला सारखे असतात. सहा महिने उत्तम, वर्षापर्यंत चालेल. एक पान बोटांत चुरून नाकाशी धरा, वास आला नाही तर चहातही येणार नाही.

---

मंदआच

हिमाबद्दल एक सांगायचं राहिलं, कारण गरम दिवसांत बरेच जण पुदिना थंड पाण्यात टाकून बरणी उन्हात ठेवतात. ते करू नका. उन्हातलं कोमट पाणी जंतू मारत नाही, वाढवतं. उकळून गार केलेलं पाणी घ्या, अर्ध्या लिटरला १५-२० ग्रॅम स्वच्छ धुतलेली ताजी पानं टाका आणि झाकून थेट फ्रिजमध्ये ६ ते ८ तास ठेवा. थंड पाण्यात टॅनिन कमी उतरतात, म्हणून कडवटपणा जवळजवळ नसतो. गाळून त्याच दिवशी संपवा. गरम चहाही उरला तर ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

---

दवबिंदू

ओंजळ, आता नवीन पानं काढाल तेव्हा पुदिना मातीपासून चार बोटं ठेवून कापा, तीन-चार आठवड्यांत परत उभा राहतो. तुळशीचे शेंडे खुडा, पण एका वेळी झाडाच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नको, आणि मंजिऱ्या येताच काढत राहा म्हणजे पानं येत राहतील. गवती चहाची बाहेरची पाती आधी घ्या, मधला कोंब राहू द्या. पहिल्या खेपेला प्रत्येकाची थोडीशीच पानं वाळवून बघा. बरणीची धुक्याची परीक्षा पास झाली की मग मोठा घाणा लावा.